शितावरून भाताची परीक्षा: प्रमाणित चाचण्या काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत

१९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. इंग्रजी विषयाच्या दोन खऱ्या उत्तरपत्रिका घेतल्या, त्यांच्या प्रती काढल्या आणि निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १४२ शिक्षकांनी गुण देऊन त्या परत केल्या. पहिल्या उत्तरपत्रिकेला कुणी १०० पैकी ६४ दिले होते, तर कुणी ९८. दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले होते. भाषेचा विषय आहे, आवडीनिवडी येणारच, असं कुणी म्हणू शकेल. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे फरक आणखी मोठा निघाला. कुणी पद्धतीला गुण दिले होते, कुणी फक्त उत्तराला, आणि कुणी अक्षर नि टापटीप पाहून कापले होते.

मुलाने लिहिलं होतं ते एकच. निकाल मात्र कागद कुणाच्या हातात पडला यावर ठरत होता.

प्रमाणित चाचण्यांवर बरीच टीका होते आणि या लेखात मीही ती करणार आहे. पण सुरुवात इथून करायला हवी. या चाचण्या मुलांना छळण्यासाठी जन्माला आलेल्या नाहीत. तपासणाऱ्याची लहर, ओळख, पूर्वग्रह यांतून मुलाची सुटका करण्यासाठी त्या आल्या. चीनमध्ये राजदरबारी अधिकारी निवडण्याच्या परीक्षा सुमारे तेराशे वर्षं चालल्या आणि १९०५ साली बंद झाल्या. त्यात एका काळी परीक्षार्थीचं नाव झाकत, शिवाय अक्षरावरून तो ओळखू येऊ नये म्हणून कारकुनांकडून अख्खी उत्तरपत्रिका पुन्हा लिहून घेत आणि मगच ती परीक्षकापुढे ठेवत. ज्याच्यामागे घराणं नाही, शिफारस नाही, त्याच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती!

‘प्रमाणित’ म्हणजे काय

प्रमाणित चाचणी म्हटलं की चार पर्याय आणि गोल काळे करणं डोळ्यांपुढे येतं. पण निबंधाची परीक्षाही प्रमाणित असू शकते. सगळ्यांना तेच किंवा तोलामोलाचे प्रश्न, तेवढाच वेळ, त्याच सूचना आणि गुण देण्याचे तेच नियम, एवढं सांभाळलं की चाचणी प्रमाणित झाली. बहुपर्यायी प्रश्न वाढले त्यामागे तपासणी स्वस्त आणि झटपट होते हे मोठं कारण आहे. १९३८ मध्ये पेन्सिलीच्या खुणा वाचून गुण मोजणारं यंत्र बाजारात आलं. त्याची कल्पना रेनल्ड जॉन्सन नावाच्या एका शाळाशिक्षकाची होती.

चांगली चाचणी बनवण्याचं काम मात्र झटपट होत नाही. आधी संविधान तक्ता बनतो: कोणत्या घटकावर किती प्रश्न, त्यांतले किती आठवणीचे, किती समजुतीचे, किती वापराचे. मग प्रश्न लिहून ते मुलांच्या एका गटावर आधी करून पाहतात. प्रत्येक प्रश्नाच्या बाबतीत दोन गोष्टी तपासतात. एक म्हणजे काठिण्य, म्हणजे किती जणांना तो आला. दुसरी अशी की एकूण चाचणी चांगली सोडवणाऱ्यांना तो जास्त येतो का. एखादा प्रश्न हुशार मुलं चुकवत असतील आणि कच्ची मुलं बरोबर देत असतील, तर बहुतेक वेळा दोष प्रश्नातच असतो. त्याची भाषा दिशाभूल करणारी असते किंवा दोन पर्याय बरोबर ठरू शकतात. असे प्रश्न गाळले जातात. यंदाची आणि गेल्या वर्षीची चाचणी एकाच मापात आणायची, तर काही प्रश्न दोन्हींत सामायिक ठेवतात. ते प्रश्न मुलांना कसे गेले यावरून यंदाचा पेपर अवघड होता की मुलं कच्ची होती, हे वेगळं करता येतं.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना पाहू. पाचवीच्या गणितात मुलाला जे जे यायला हवं ते सगळं विचारायचं म्हटलं तर शेकडो प्रश्न लागतील. चाचणीत तीस-चाळीसच मावतात. म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण आपण सहज वापरतो, पण तिच्यात एक अट दडलेली आहे. शीत कुठूनही, न सांगता उचललेलं हवं. कोणती शितं दाबून पाहणार हे शिजवणाऱ्याला आधीच कळलं आणि त्याने तेवढीच शिजवली, तर शीत मऊ लागेल आणि भात कच्चा राहील. प्रमाणित चाचण्यांचे निम्म्याहून अधिक वाद या एका अटीपाशी येऊन थांबतात.

गुण वाचायचे कसे

‘७२ गुण मिळाले’ या वाक्यातून फारसं काही कळत नाही. कळण्यासाठी ते कशाशी तरी लावून पाहावे लागतात. एक रीत म्हणजे इतर मुलांशी तुलना. पर्सेंटाइल ७२ म्हणजे शंभरातल्या साधारण ७२ जणांपेक्षा पुढे. पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत तर रोजची आहे. पर्सेंटाइल ७२ असलेल्या मुलाला निम्मेच प्रश्न आले असतील, असंही होऊ शकतं. दुसरी रीत निकषाशी लावण्याची: हे मूल आपल्या इयत्तेचा उतारा वाचून अर्थ सांगू शकतं की नाही. पहिल्या रीतीत सगळी मुलं कधीच ‘पुढे’ असू शकत नाहीत, कारण कुणी पुढे जायचं तर कुणी मागे राहावंच लागतं. दुसऱ्या रीतीत सगळी मुलं उत्तीर्ण होऊ शकतात.

तुलना कोणाशी होते आहे, हेही विचारायला हवं. १९८७ साली जॉन कॅनेल नावाच्या अमेरिकी डॉक्टरने एक विचित्र गोष्ट उघड केली. देशातली झाडून सगळी राज्यं आपली प्राथमिक शाळांतली मुलं राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचं सांगत होती. सगळेच सरासरीच्या वर कसे असतील? झालं असं होतं की ती ‘राष्ट्रीय सरासरी’ काही वर्षांपूर्वी एका गटावर काढून ठेवलेली होती आणि त्याच चाचण्या वर्षानुवर्षं वापरात होत्या. शिक्षकांना प्रश्न ओळखीचे झाले होते. गुण चढत गेले आणि तुलनेचा गट मागेच राहिला.

आणखी एक गोष्ट निकालपत्रावर क्वचितच छापलेली दिसते, पण माझ्या मते ती प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. कोणत्याही मोजमापात चूक असते. मूल त्या दिवशी पेंगुळलेलं असेल, नेमका आदल्या रात्री वाचलेला भाग आला असेल, एखादा अंदाज लागला असेल. ही चूक किती, याचा हिशेब मांडता येतो. समजा, १०० गुणांच्या चाचणीत मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा साधारण फैलाव, १५ आहे. चाचणीची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर साधारण तेच गुण येण्याचं माप, १ पैकी ०.९० आहे, जी खरोखर चांगली समजली जाते. सूत्र असं: १ मधून ०.९० वजा करा, ०.१० उरतात. त्याचं वर्गमूळ सुमारे ०.३२. त्याला १५ ने गुणा, सुमारे ४.७ येतात. म्हणजे ६० गुण मिळवणाऱ्या मुलाची खरी पातळी ५५ ते ६५ च्या दरम्यान असण्याची शक्यता तीनात दोन इतकी. जवळपास खात्रीने बोलायचं तर ५१ ते ६९ म्हणावं लागेल.

हे चांगल्या चाचणीचं झालं. आता ५८ वाला नापास, ६२ वाला पास, असा निर्णय घेऊन पाहा. या दोन मुलांत फरक आहे असं ही चाचणी खात्रीने म्हणूच शकत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर बऱ्याच भागांत अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी होत असे. काही पुढे विद्यापीठाकडे नेणाऱ्या ग्रामर स्कूलमध्ये, उरलेली बहुतेक साध्या, कामधंद्याकडे नेणाऱ्या सेकंडरी मॉडर्न शाळांमध्ये. रेषेच्या आसपासच्या मुलांचं पुढचं आयुष्य या चार-पाच गुणांच्या धुक्यात ठरत होतं. एवढ्या लहान वयात, एवढ्या पुसट रेषेवर, एवढा मोठा निर्णय घेणं मला कधीच पटलेलं नाही.

विश्वसनीय असूनही चुकीची

विश्वसनीयता म्हणजे पुन्हा मोजलं तर साधारण तेच येणं. पण जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का, हा प्रश्न वेगळा आहे. शिक्षणशास्त्रात त्याला सप्रमाणता म्हणतात. गणिताचं शाब्दिक उदाहरण लांबलचक वाक्यात घातलं, तर ज्याची घरची भाषा वेगळी आहे असं मूल वाचनातच अडकतं. त्याचे गणिताचे गुण कमी पडतात, उद्या पुन्हा परीक्षा घेतली तरी तितकेच कमी पडतात. आकडा स्थिर आहे, आणि तरी तो गणिताचा नाही.

या चुकीने इतिहासात मोठं नुकसान केलं आहे. १९०५ मध्ये फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धीची चाचणी तयार केली, ती शाळेत जास्त मदतीची गरज असलेली मुलं ओळखण्यासाठी. बुद्धी कायमची ठरलेली असते, हे बिनेला मान्य नव्हतं. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात सुमारे १७ लाख जणांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी त्या आकड्यांवरून १९२३ साली असा निष्कर्ष काढला की काही वंशांचे लोक जन्मतःच कमी बुद्धीचे असतात. नव्याने आलेल्या, इंग्रजी न येणाऱ्या माणसाला अमेरिकी जीवनातल्या गोष्टी विचारायच्या आणि उत्तर आलं नाही की त्याला मंद ठरवायचं, असा तो प्रकार होता. हेच ब्रिगम पुढे महाविद्यालय प्रवेशाच्या सॅट परीक्षेचे जनक झाले. ती पहिल्यांदा १९२६ मध्ये झाली. १९३० साली त्यांनी आपले आधीचे निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. तोपर्यंत त्या आकड्यांचा आधार घेऊन बरंच बोललं गेलं होतं.

आज चाचणी बनवणारे प्रत्येक प्रश्न या नजरेने तपासतात: एकूण पातळी सारखी असलेल्या दोन गटांपैकी एकालाच हा प्रश्न जास्त अवघड जातो का? जात असेल तर तो बाजूला काढतात. यामुळे सगळे प्रश्न सुटत नाहीत. गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या गुणांमधला फरक जवळपास सगळीकडे दिसतो. त्यातला थोडा भाग चाचणीचा दोष असतो, बराचसा शाळेत आणि शाळेबाहेर मिळालेल्या संधींचा. चाचणी बंद केली म्हणून ही दुसरी दरी बुजत नाही, ती दिसायची तेवढी बंद होते. चाचण्यांच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा हाच आहे. मागे पडलेली मुलं आकड्यात दिसली नाहीत, तर त्यांच्यासाठी पैसा मागायला कुणाकडेच पुरावा नसतो.

आकड्यावर पैसे लागले की

इंग्लंडमध्ये शिक्षणखातं सांभाळणारे राजकारणी रॉबर्ट लो यांनी १८६२ मध्ये शाळांच्या सरकारी अनुदानाचा मोठा भाग परीक्षेला जोडला. निरीक्षक येणार, प्रत्येक मुलाचं वाचन, लेखन आणि अंकगणित तपासणार, आणि जेवढी मुलं उत्तीर्ण तेवढे पैसे. कागदावर अगदी चोख योजना. प्रत्यक्षात शाळांनी मुलांकडून ठरलेली वाचनपुस्तकं तोंडपाठ करून घेतली. भूगोल, इतिहास यांसारखे विषय मागे पडले, कारण त्यांचे पैसे नव्हते. कवी मॅथ्यू आर्नल्ड स्वतः शाळा निरीक्षक होते आणि ते या पद्धतीवर सातत्याने टीका करत राहिले. तरी ती पुरती मोडीत निघायला तीस वर्षांहून जास्त काळ गेला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात यामागचा नियम मांडला. एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडत जाईल आणि ज्या कामाचं मोजमाप करायचं होतं ते कामही बिघडेल. शितं आधीच कळण्याची गोष्ट हीच.

२००२ मध्ये अमेरिकेत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा लागू झाला. तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित यांची चाचणी, आणि २०१४ पर्यंत एकूणएक मूल अपेक्षित पातळीवर. लक्ष्य सतत हुकवणाऱ्या शाळांवर कारवाई. हेतूबद्दल मला शंका नाही. गरीब, परभाषिक आणि अपंग मुलांचे निकाल वेगळे दाखवणं या कायद्याने बंधनकारक केलं आणि शाळांना त्यांना सरासरीत लपवता येईना. पण शाळांचा वेळ चाचणीच्या दोन विषयांकडे सरकला. शिवाय उत्तीर्णतेच्या रेषेच्या जरा खाली असलेल्या मुलांवर सगळी मेहनत एकवटणं सोयीचं झालं. फार मागे असलेल्या मुलाला कितीही शिकवलं तरी यंदाचा आकडा हलत नाही, आणि फार पुढे असलेल्याची चिंताच नसते. ज्या मुलासाठी कायदा आला, तेच पुन्हा मागच्या बाकावर. २०१४ उजाडलं तेव्हा लक्ष्य कुठेच दृष्टिपथात नव्हतं आणि डिसेंबर २०१५ मध्ये दुसरा कायदा करून अधिकार बऱ्याच अंशी राज्यांकडे परत दिले गेले.

वाढलेले गुण खरे की पोकळ हे ओळखण्याची एक युक्ती आहे: तेच कौशल्य दुसऱ्या, अनोळखी चाचणीने मोजायचं. १९९० च्या दशकात केंटकी राज्याच्या स्वतःच्या चाचणीत चौथीच्या वाचनाचे गुण झपाट्याने वाढले. त्याच काळात, देशभरातल्या फक्त काही निवडक मुलांची घेतात त्या राष्ट्रीय नमुना चाचणीत मात्र त्या वाढीचा मागमूस नव्हता. वाचता येणं वाढलं असतं तर ते दोन्हीकडे दिसलं असतं.

यापुढची पायरी म्हणजे सरळ खोटेपणा. अटलांटा शहरात २०११ च्या सरकारी चौकशी अहवालात ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरच्या चुकीच्या खुणा खोडून बरोबर केल्या गेल्या होत्या. खोडाखोडीचं प्रमाण इतकं होतं की ते आकडेशास्त्राने पकडलं. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले. ज्या मुलांना वाचता येत नव्हतं त्यांच्या कागदावर वाचता येतं असं लिहिलं गेलं, आणि त्यामुळे त्यांना मिळायला हवी होती ती मदत मिळाली नाही. या प्रकरणातली ही गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते.

तीन कामं, एक आकडा

शाळेतली चाचणी तीन निरनिराळ्या कामांसाठी वापरतात. या मुलाला काय कळलं नाही ते शोधणं. कुणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणं. शाळा किंवा अख्खी व्यवस्था कशी चालली आहे ते पाहणं. तिन्ही कामं रास्त आहेत, पण प्रत्येकाला वेगळं हत्यार लागतं. एकाच चाचणीवर तिन्ही लादली की तिन्ही बिघडतात, असं माझं ठाम मत आहे.

व्यवस्था तपासायला प्रत्येक मुलाची परीक्षा घ्यावीच लागत नाही. अमेरिकेतली राष्ट्रीय नमुना चाचणी १९६९ पासून आणि ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेची पिसा चाचणी २००० पासून हेच करते. पिसात १५ वर्षांच्या मुलांचा नमुना निवडतात. प्रत्येकाला सुमारे दोन तासांचे प्रश्न मिळतात, पण सगळ्यांना तेच नाहीत. प्रश्नांचे गट फिरवून वाटले जातात. त्यामुळे खूप विस्तृत आवाका तपासता येतो आणि एका मुलाला त्यातला तुकडाच सोडवावा लागतो. कोणत्याही मुलाला गुण मिळत नाहीत, कोणत्याही शिक्षकाची बढती अडत नाही. घोकून घेण्यात कुणाचाच फायदा नसल्यामुळे आकडा बराच स्वच्छ राहतो. इथे शितं न सांगता उचललेली असतात. देशांची क्रमवारी छापून येते आणि मंत्री घाबरतात तेव्हा त्यातलं काही गमावतं, हेही खरं. दोन देशांच्या सरासरीत तीन-चार अंकांचा फरक बहुधा मोजमापाच्या चुकीतच मोडतो, पण बातमी होते क्रमांकाची. फिनलंडमध्ये मूलभूत शिक्षणाच्या नऊ वर्षांत सगळ्या मुलांची राष्ट्रीय परीक्षा होतच नाही. अधूनमधून नमुना चाचण्या होतात, आणि सार्वत्रिक म्हणावी अशी मोठी परीक्षा येते ती उच्च माध्यमिकच्या शेवटी.

निवडीच्या कामात मात्र प्रमाणित परीक्षेला सहज पर्याय सापडत नाही. तिच्या जागी मुलाखत, शिफारसपत्र, छंदांची यादी आणली की ज्यांच्या घरी हे सगळं घडवून घ्यायला वेळ आणि ओळखी आहेत ते पुढे जातात. तिथे परीक्षा ठेवावी, पण रेषेच्या जवळच्या मुलांना दुसरी संधी असावी आणि एकाच दिवसावर सगळं लटकू नये. याहून जास्त मला त्यात सांगता येत नाही.

राहिलं पहिलं काम, मुलाला काय कळलं नाही ते शोधण्याचं. ते सगळ्यात मोलाचं, आणि मोठ्या परीक्षेला ते जवळपास जमतच नाही. निकाल काही महिन्यांनी येतो, तोपर्यंत वर्ग पुढे गेलेला असतो. आणि येतो तो एक आकडा. त्याऐवजी वर्गात विचारलेला एक प्रश्न घ्या: ०.४ आणि ०.३५ यांत मोठं कोण? बरीच मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ती निष्काळजी नसतात. पूर्णांकांचा नियम ती इमानदारीने दशांश चिन्हाच्या उजवीकडे लावत असतात. दुसरी काही मुलं बरोबर उत्तर देतात, पण ‘जितके कमी आकडे तितकी संख्या मोठी’ असा चुकीचाच नियम लावून. त्यांना ०.४ आणि ०.४५ विचारलं की ती फसतात. पहिल्या मुलाला एक समजूत द्यावी लागते, दुसऱ्याला वेगळी. ०.४ म्हणजे ०.४०, दहा भागांपैकी चार म्हणजेच शंभर भागांपैकी चाळीस, हे पट्टी आखून दाखवलं तर एका तासिकेत गाठ सुटू शकते. शिक्षकाला त्यासाठी दोन प्रश्न, वीस मिनिटं आणि चुकलेलं उत्तर फाडून न टाकता वाचण्याची मुभा लागते. वर्षअखेरीच्या निकालपत्रात याच दोन मुलांपुढे कदाचित सारखाच आकडा छापलेला असेल.